शिपायाची अरबी

(एकलहरे येथे संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



मी अरबीचा आलिम नाही. मुलांना भाषा शिकवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे. गेल्या पालकसभेत अरबीच्या वर्गाची चर्चा निघाली, तेव्हा दोन प्रश्न पुढे आले आणि दोन्ही अनुत्तरित राहिले. पहिला असा की, आपली मुले मक्तबात काएदा आणि नाजिरा शिकतातच, मग शाळेत अरबीचा वेगळा वर्ग कशाला? आणि दुसरा, वसाहतीतल्या इतर धर्मांच्या मुलांनी या वर्गात बसायचे म्हटले, तर त्यांना बसू द्यायचे का? या दोन प्रश्नांचा विचार मी एका ख्रिस्ती शिपायाच्या दिनक्रमावरून करणार आहे. देवळालीची छावणी आणि नाशिक रोडचे तोफखाना केंद्र आपल्या शेजारीच असल्यामुळे फौजी माणसाचा दिवस कसा असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

रिचर्ड बर्टन हा इंग्रज तरुण १८४२ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरावर उतरला. वय एकवीस. ऑक्सफर्डच्या विद्यापीठातून त्याला काढून टाकले होते. तेथे असताना त्याने आपल्या आपणच अरबीची सुरुवात केली होती. अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहायची असतात, हेसुद्धा त्याला एका स्पॅनिश पंडिताने दाखवून द्यावे लागले. मुंबईत त्याने एका पारशी मुन्शीजवळ हिंदुस्थानीचे पाठ घेतले आणि नंतर तो बडोद्याला आपल्या पलटणीत, अठराव्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीत, रुजू झाला.

बडोद्याच्या छावणीतला त्याचा दिवस पाहा. पहाटे उन्हाच्या आधी कवायत. त्यानंतर बाकीचे अधिकारी शिकारीला जात, बिलियर्ड खेळत, दुपारी जेवून झोपत. बर्टन मात्र पुस्तक घेऊन बसे. हिंदुस्थानीसाठी तो दिवसाचे बारा बारा तास देत होता आणि जोडीला ऑक्सफर्डमध्ये जमवलेली थोडी अरबीही जपत होता, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. १८४३ साली हिंदुस्थानी आणि गुजराती, १८४४ साली आपली मराठी, १८४७ साली फारसी अशा सरकारी परीक्षा तो देत गेला. अरबीसाठी पुढे त्याने शेख हाशिम नावाचे अर्ध-बेदुईन उस्ताद ठेवले, आणि त्यांच्या हाताखाली कुरआन शरीफचा सुमारे चौथा हिस्सा पाठ केला.

त्याची शिकण्याची रीत आम्हा शिक्षकांना उपयोगी पडेल अशी आहे. प्रथम तो एक सोपे व्याकरण आणि शब्दसंग्रह घेई, अगदी गरजेची रूपे व शब्द निवडी आणि ते खिशात ठेवून दिवसभरात सवड मिळेल तेव्हा पाहत राही. एका बैठकीला पाव तासाहून अधिक वेळ देत नसे, पण अशा बैठका दिवसातून कितीतरी होत. आठवडाभरात तीनशे शब्द तोंडी आले की एखादे सोपे पुस्तक घेई. बहुधा बायबलातले एखादे शुभवर्तमान, कारण त्यातला मजकूर त्याला लहानपणापासून ठाऊक होता. वाचायचे ते मोठ्याने, म्हणजे कानाचीही स्मरणाला मदत होते. समोरचा बोलत असताना त्याचे शब्द तो मनातल्या मनात पुन्हा म्हणत असे. आणि अरबीतल्या 'गैन'सारखा अनोळखी उच्चार आला, तर जीभ वळेपर्यंत तो दिवसातून हजारो वेळा घोकत असे.

पालकहो, या 'गैन'पाशी थोडे थांबू. आपण मराठीत 'गरीब' म्हणतो, त्यातला 'ग' मुळात हाच गैन आहे. आपण त्याचा साधा 'ग' केला आणि अर्थही बदलला. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर आलेला माणूस. परकी भाषा शिकणारा प्रत्येक जण या अर्थाने गरीबच असतो. अंगावर साहेबी गणवेश असो की नसो, उस्तादासमोर त्याला चार वर्षांच्या मुलासारखे बोबडे बोलावे लागते. आपल्या धर्माच्या आणि आपल्या देशाच्या माणसाकडूनच शिकेन, असे बर्टन म्हणाला असता, तर त्याला एकही भाषा आली नसती.

आता त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते अर्धसत्य होईल. बर्टन शिकला तो निव्वळ ज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. परीक्षा उतरलेल्या अधिकाऱ्याला दुभाष्याची जागा आणि जादा पगार मिळत असे. कंपनी सरकारला लोकांची भाषा हवी होती ती राज्य चालवण्यासाठी. चर्च ऑफ इंग्लंडच्या संस्कारात वाढलेला हा माणूस १८५३ साली नाव आणि वेष बदलून मक्का-मदिनेला जाऊन आला. मुसलमानाच्या मनाला ती गोष्ट आजही बोचते, आणि तिचे समर्थन करायला मी येथे उभा नाही. किल्लीने घरही उघडता येते आणि दुसऱ्याची तिजोरीही. दोष द्यायचा तो हाताला द्यावा, किल्लीला देऊ नये.

हीच किल्ली दुसऱ्या एका ख्रिस्ती शिपायाच्या हातात कशी चालली, ते पाहा. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, आणि मोठा श्रद्धाळू ख्रिस्ती. मराठी शास्त्र्यांच्या आणि कँडी बंधूंच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. तो १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि अभ्यासकांना तो आजही लागतो. त्यात शब्दापुढे कंसात त्याच्या मूळ भाषेची खूण असते. वकील, तारीख, हिशेब या शब्दांपुढे अरबीची खूण आहे. अर्ज, रक्कम, हुकूम, तालुका, जिल्हा आणि खुद्द 'फौज' हे शब्दही मूळचे अरबीच. म्हणजे अरबी ही काही केवळ दूरच्या वाळवंटातली भाषा नाही. गावच्या चावडीवर आणि कोर्टकचेरीत प्रत्येक मराठी माणूस ती रोज थोडीथोडी बोलतो. मक्तबातला 'काएदा' आणि कोर्टातला 'कायदा' हासुद्धा एकच शब्द आहे.

जमाना बदलला, तरी शिपायाची अरबी थांबलेली नाही. आपल्या संरक्षण मंत्रालयाने १९४८ साली दिल्लीत विदेशी भाषांची शाळा काढली. तेथे इतर भाषांबरोबर अरबीही शिकवण्यात आली. १९५६ ते १९६७ या काळात आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या सेनेबरोबर गाझात होते, आणि १९९८ पासून दक्षिण लेबनॉनमध्ये त्यांच्या तुकड्या जात आल्या आहेत. तेथे गावकऱ्याशी दोन शब्द त्याच्या भाषेत बोलता येणे, हे बंदुकीइतकेच कामाचे ठरते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे लष्कराची भाषाशाळा आहे. तेथे स्पॅनिशला ३६ आठवडे पुरतात, अरबीला ६४ लागतात. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला सहा-सात तास वर्ग आणि रात्री आणखी दोन-तीन तास घरचा अभ्यास. पहाटे कवायत चुकत नाही, आणि अभ्यास झाला नाही म्हणून पहारा माफ होत नाही. शिकवणारे बहुतेक जण ती भाषा घरी बोलत वाढलेले. शिकणाऱ्यांत ख्रिस्ती पुष्कळ. असा तरुण रविवारी चर्चला जातो आणि सोमवारी सकाळी 'ऐन' आणि 'गैन' यांतला फरक घोकत बसतो. त्याचा धर्म त्याच्यापाशी असतो आणि धडा वहीत. तो जसा पुढे जातो तसे त्याला कळते की अरबी ख्रिस्ती माणूसही परमेश्वराला 'अल्लाह'च म्हणतो. बैरूतमध्ये १८६५ साली बायबलचे जे अरबी भाषांतर पुरे झाले, त्याची भाषा शुद्ध करण्याच्या कामी अल-अजहरमध्ये शिकलेले शेख युसुफ अल-असीर हे मुसलमान विद्वान होते.

आता पालकसभेतल्या दोन प्रश्नांकडे येतो.

पहिला प्रश्न, नाजिरा होत असताना वेगळा वर्ग कशाला? मक्तबातल्या नाजिऱ्याचे मोल मी तिळभरही कमी लेखत नाही. ते इबादतीचे काम आहे. आमच्या मुलांचा गैन बर्टनच्या गैनपेक्षा सरस असतो, कारण तो त्यांना पाचव्या-सहाव्या वर्षीच मिळतो. परंतु सुंदर पठण करणाऱ्या मुलाला 'हे दार आहे', 'माझे नाव अमुक' एवढे अरबीत सांगता येत नाही, हेही आपण रोज पाहतो. परक्या शिपायाने उच्चारासाठी झीज सोसली आणि अर्थही मिळवला. आपल्या मुलाला उच्चार घरबसल्या मिळाला, तर अर्थ अर्ध्या वाटेवर का सोडायचा? वीज केंद्रातल्या फिटर-वायरमनच्या कामाची माहिती घरातच असलेली आपली मुले उद्या आखाती देशांत नोकरीला जातील. तेथे करारावरची चार वाक्ये आपली आपण वाचता येणारा माणूस सहसा फसत नाही.

दुसरा प्रश्न, इतर धर्मांच्या मुलांना बसू द्यायचे का? अरबीचा आद्य व्याकरणकार म्हणून ज्याचा मान आहे, तो सीबवैह जन्माने इराणी होता, त्याची मायबोली फारसी. ही भाषा कोणा एकाची असती, तर तिचे व्याकरण परक्याने लिहिले नसते. हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना पैगंबर साहेबांनी (स.) यहुदींची लिपी शिकायला सांगितले आणि त्यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली, असे हदीसच्या ग्रंथांत आहे. दुसऱ्याची लिपी आपण शिकावी ही जर आपल्याला शिकवण आहे, तर आपली लिपी शिकायला आलेल्या मुलाला आपण दारातून कसे परतवणार? या वसाहतीत नाना जिल्ह्यांचे, नाना जातीधर्मांचे लोक एकाच केंद्रावर तीन पाळ्यांत काम करतात. त्यांची मुले एका बाकावर बसून गणित शिकतात, तशीच अरबीही शिकतील.

म्हणून माझी संस्थेला तीन कलमी विनंती आहे. वर्ग रोज भरावा. अर्धा तासच असला तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा दोन तास नको. शिकवणे मोठ्याने वाचण्या-बोलण्यातून व्हावे आणि पहिल्या दिवसापासून अर्थासह व्हावे. आणि उस्तादांना योग्य वेतन मिळावे. बर्टनचे नाव जगाला माहीत आहे, शेख हाशिम यांचे नाव कोणी घेत नाही. बर्टनच्या जिभेवर अरबी बसवणाऱ्या माणसाची ही गत झाली. आपण तरी आपल्या उस्तादांना तसे विसरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. पहाटेची कवायत आणि रात्रीचा पहारा सांभाळून जर एक परका शिपाई दिवसातून पाव-पाव तास काढू शकतो, तर तुम्हालाही तो सापडेल. खिशात दहा शब्दांचा कागद ठेवा आणि उद्याच सुरुवात करा.

 एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.