घटस्फोटानंतर घराचा हप्ता आणि प्राप्तिकर



वसंत ऋतूतील संध्याकाळी प्राप्तिकर आणि घटस्फोट असा रुक्ष विषय घेऊन उभे राहणे धाडसाचेच आहे. पण आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या कागदपत्रांतून अधिक झाले, आणि हा विषय त्या कागदांनीच आमच्यापुढे आणला. संसार मोडतो तेव्हा भांडीकुंडी वाटली जातात, मुलांचा ताबा ठरतो, पोटगी ठरते. घराच्या कर्जाचे मात्र ‘हप्ते नवऱ्याने भरावेत’ एवढ्या एका ओळीत भागवले जाते. पगारदाराच्या आयुष्यातले सर्वात मोठे देणे तेच असते, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रथम कायदा पाहू. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने राहत्या घराच्या कर्जावरील व्याज उत्पन्नातून वजा करू दिले. 2014 साली त्याची मर्यादा वर्षाला 2 लाख रुपये झाली. मुद्दलाची फेड प्रॉव्हिडंट फंड, विमा इत्यादींबरोबर 1 लाख 50 हजारांच्या वजावटीत धरली गेली. 2020 साली आलेल्या नव्या करपद्धतीत राहत्या घराला या दोन्ही सवलती नाहीत; म्हणून आमचे बोलणे जुनी पद्धत निवडणाऱ्यांपुरते समजावे. 2025 साली संसदेने नवा कायदा केला, कलमांचे आकडे बदलले. पण कसोटी तीच राहिली. घर तुमच्या मालकीचे हवे, कर्ज तुमच्या नावे हवे आणि पैसे तुमच्या खिशातून गेलेले हवेत.

आता उदाहरण घेऊ. एका घराचा वर्षाचा हप्ता 3 लाख; त्यात व्याज 2 लाख, मुद्दल 1 लाख. घर आणि कर्ज दोन्ही नवऱ्याच्या नावे. तडजोडीत घर बायकोच्या नावे झाले आणि हप्ते नवऱ्याने भरायचे ठरले. तो भरतो, पण मालक नाही. ती मालक आहे, पण भरत नाही. सवलत ना त्याला, ना तिला! उत्पन्नाचा तो भाग 20 टक्क्यांच्या टप्प्यात येत असेल तर वर्षाला 60 हजारांचा लाभ बुडाला, उपकर वेगळाच. उलट प्रकारही आम्ही पाहतो. बाई नोकरी करते, मुलांसह त्याच घरात राहते, हप्ता स्वतःच्या पगारातून भरते. पण खरेदीखतावर तिचे नाव नाही. तिच्या घामाचा पैसा कराच्या हिशेबात शून्य ठरतो.

कोणी म्हणेल, हप्ता हीच पोटगी, मग ती उत्पन्नातून वजा का होऊ नये? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली मुंबईच्या सीतलदास तीरथदास यांच्या प्रकरणात दिले. न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे बायकामुलांना पोटगी दिली तरी ते आधी हाती आलेल्या उत्पन्नाचे वाटप होय. म्हणून वजावट नाही, असे न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिले.

कायद्यात एक शहाणपणाची तरतूदही आहे. नवऱ्याने मोबदल्याशिवाय घर बायकोच्या नावे केले तर एरवी कर त्यालाच लागतो. पण वेगळे राहण्याच्या कराराने ते दिले असेल तर हा नियम लागू होत नाही, तीच खरी मालक. म्हणून तो करार लेखी हवा. एक खाचही आहे. ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला ते संपल्यापासून 5 वर्षांच्या आत घर हस्तांतरित केले, तर मुद्दलावर पूर्वी घेतलेली सवलत देणाऱ्याच्या उत्पन्नात परत मिळवली जाते.

आणि बँक? ती तुमच्या खटल्यात पक्षकार नसते. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे संयुक्त कर्जदारांपैकी कोणाही एकाकडून ती सारे कर्ज मागू शकते. घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवून हप्ता चुकत नाही.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. तडजोडीवर सही करण्यापूर्वी तीन कागद शेजारी ठेवा: मालकीचा दस्त, कर्जाचा करार आणि तडजोडीचा मसुदा. घर ज्याच्याकडे राहणार, त्याचेच नाव तिन्हींवर येईल असे पाहा. बायकोने नवऱ्याचा हिस्सा स्वतः कर्ज काढून विकत घेतला, तर त्या कर्जाच्या व्याजाची सवलत त्याच मर्यादेत तिची होते. ज्याचा पगार पुरत नाही त्याला बँक कर्ज देणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तेथे सवलत बुडणार हे आधी ओळखून पोटगीचा आकडा तरी त्या हिशेबाने ठरवावा.

वेतनवाढीच्या चार आण्यांसाठी कामगार संप करतो. वर्षाचे 60 हजार एका निष्काळजी ओळीमुळे जाऊ देणे त्याला शोभत नाही. लग्नाच्या वेळी आपल्याकडे याद्या होतात. लग्न मोडतानाही एक यादी करावी, आणि तिच्यात पहिली नोंद घराची असावी.