अंगातला जागल्या



जळकोटच्या शिवारात ज्वारी हुरड्याला आली, की रात्री जागलीला जावे लागते. माळ्यावर जागल्या एकटाच बसतो. रानडुकरांचा कळप आला, तर एकटा माणूस काय करणार? तो चाहूल ओळखतो, डबा वाजवतो आणि हाळी देतो. हाळी ऐकून चार माणसे काठ्या घेऊन धावतात. पीक वाचते ते त्या हाळीमुळे.

असेच जागले आपल्या अंगातही आहेत. त्यांची ओळख करून द्यायला आम्ही आज उभे आहोत.

पायात बाभळीचा काटा मोडला, तर काय होते? ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही नुसती पीडा नव्हे, बरं का! मदतीला कुणी धावून आल्याची ती खूण आहे. भिंतीला जशा विटा, तशा शरीराला पेशी. त्या इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतल्या काही पेशी जन्मापासून पहाऱ्यावर असतात. रोगाचा जंतू आला, की त्या एक रस सोडतात. तीच त्यांची हाळी. मग दुसऱ्या पेशी लढायला येतात. त्यांना तयार व्हायला काही दिवस लागतात. पण एकदा पाहिलेला शत्रू त्या विसरत नाहीत. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तो याच कारणाने.

आता कर्करोगाचे पाहू. इथे आपलीच एखादी पेशी बिघडते आणि ताळतंत्र सोडून वाढू लागते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, त्यातली गत. जागले अशा पेशी ओळखून मारतात. पण एखादी निसटते. ती घरचीच, म्हणून लवकर ओळखू येत नाही. पुढे तर ती जागल्यालाच गुंगवते. हाळी उठत नाही, आणि गाठ वाढत राहते. सुरुवातीला बहुधा दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

गुंगलेला जागल्या जागा करता येतो का? होय. क्षयाची बी.सी.जी. लस आपण लेकरांना दंडावर टोचून घेतो. कॅनडातले डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ साली दाखवले, की हीच लस नळीने मूत्राशयात सोडली, तर तिथला वरवरचा कर्करोग पुन्हा उलटणे कमी होते. लसीतले दुबळे जंतू पाहून जागले खडबडून उठतात. त्यांच्या हाळीने आलेल्या पेशी कर्करोगाच्या पेशींनाही मारतात. हा उपचार आजही चालू आहे. मात्र तो मूत्राशयापुरता.

आता मायबहिणींनी नीट ऐकावे. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो. पुष्कळ बायकांना तो कधी ना कधी होतो. त्यात कुणाला नावे ठेवण्यासारखे काही नाही. बहुतेकींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र तो दबून राहतो. ताप नाही, सूज नाही. जागल्याला चाहूलच लागत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी कर्करोग दिसतो.

मग करायचे काय? याचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यातच मिळाले. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर १९९९ साली तिथल्या खेड्यांत काम सुरू केले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गावांत या विषाणूची तपासणी एकदाच केली, आणि दोष दिसला तिथे उपचार केले. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षांनी ताळा घेतला. विषाणूची तपासणी झालेल्या गावांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होते. एका तपासणीने एवढे साधले!

म्हणून आम्ही म्हणतो, अंगातला जागल्या गप्प असेल तिथे आपण जागे राहावे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, पाळी नसताना किंवा पाळी गेल्यावर रक्त गेले, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. सरकारी दवाखाना गाठा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने तपासणीची चौकशी करावी. मुलींना नवव्या ते चौदाव्या वर्षी या विषाणूची लस देता येते; तीही विचारा. आणि तंबाखू सोडा. तिच्यातले विष पेशी बिघडवते.

शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने कर्करोग लागत नाही. तेव्हा लाज कसली? रोग लपवला तर तो वाढतो. घरच्या माणसांना वेळीच हाळी द्या. ती धावून येतील.