हमीचे भांडवल, बिनहमीचे कामगार

(लखनौ येथे रेल्वे व पोस्ट कर्मचाऱ्यांच्या सभेत मराठी साथींसमोर केलेले भाषण)



लखनौत मराठीतून बोलण्याची वेळ रोज येत नाही. पण मानकनगरच्या आर.डी.एस.ओ.त, चारबाग आणि आलमबागच्या वर्कशॉपात, आर.एम.एस.मध्ये आपली माणसे आहेत, आणि आज महाराष्ट्रातूनही साथी आले आहेत. विषय मला परकीय गुंतवणुकीचा दिला आहे. हा विषय निघाला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, परदेशी कंपनी आली म्हणजे नोकऱ्या आल्या. दुसरा म्हणतो, ईस्ट इंडिया कंपनी परत आली. करार मात्र दोघांपैकी कोणीच वाचत नाही. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवू आणि कलमे पाहू.

आपली रेल्वे ही मुळात परकीय गुंतवणूकच. १८४९ साली जी.आय.पी. कंपनीशी करार झाला, त्यात तिच्या भांडवलावर ५ टक्क्यांची हमी होती. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. गाडी भरून जावो की रिकामी, लंडनच्या भागधारकाला त्याचे ५ टक्के मिळायचेच, आणि तूट भरून निघायची ती इथल्या रयतेच्या साऱ्यातून. ह्या भागातली औध-रोहिलखंड रेल्वेही अशाच हमीवर चालली. नफा पक्का असला की खर्चाची फिकीर कोण करणार?

दीडशे वर्षांनी हाच मामला गुहागरच्या किनाऱ्यावर आला. एन्रॉनशी १९९२ साली सामंजस्य करार झाला, १९९५ साली नव्या सरकारने तो मोडला, १९९६ साली पुन्हा केला. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचला वा न उचला, क्षमतेचे पैसे मंडळाने मोजायचे, हे त्यातले मुख्य कलम. मंडळाला ते झेपले नाही. २००१ च्या मध्याला प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे अमेरिकेत दिवाळे वाजले. २००५ साली एन.टी.पी.सी. आणि गेल ह्या सरकारी कंपन्यांना तो सांभाळावा लागला, आणि २०१५ पासून त्याची वीज मध्य रेल्वेने घेतली. म्हणजे लोढणे अखेर सार्वजनिक क्षेत्राच्याच गळ्यात.

मग परक्यांकडून काही घेऊच नये का? तसे मी म्हणत नाही. पेरांबूरचा डब्यांचा कारखाना १९५५ साली स्विस कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. वाराणसीचे डिझेल इंजिन अमेरिकेच्या आल्को कंपनीचे. पहिले इंजिन १९६४ साली बाहेर पडले. १९६९ साली आल्कोने इंजिने बनवणे सोडले. पण वाराणसीत त्याच घराण्याची इंजिने पुढे कित्येक वर्षे बनत राहिली आणि सुधारतही राहिली, कारण ड्रॉइंग आपल्या हाती होती, कारागीर आपला होता आणि चाचण्या घ्यायला १९५७ साली स्थापन झालेली ही मानकनगरची संस्था होती. १९९३ साली ए.बी.बी.कडून ३३ विद्युत इंजिने घेतली तेव्हाही करारात तंत्रज्ञान होते. १९९८ पासून चित्तरंजनने तसले मालगाडीचे इंजिन स्वतः बनवले.

अर्थात नुसते विकत घेऊन भागत नाही. ह्याच शहरात सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडिया होती. १९७२ साली आपल्या सरकारने इटलीच्या इनोसेंटीचा लँब्रेटाचा सगळा कारखाना, डिझाइन आणि नावासकट, उचलून इथे आणला. तिकडे पुण्यात बजाजचा पिआज्योशी असलेला परवाना १९७१ साली संपला आणि बजाजने चेतक काढली. दोन्हीकडे मूळ इटालियनच. पण इथे नव्या रचनेवर पुरेसा पैसा आणि डोके लावले गेले नाही. स्कूटर गेली, विक्रम तीनचाकी राहिली, आणि २०२१ साली सरकारने कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. हा दोष परकीयांवर ढकलता येणार नाही.

आता आजचे करार पाहा. २०१४ साली रेल्वेच्या बऱ्याच कामांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा मिळाली. २०१५ साली मधेपुऱ्याला आल्स्टॉमबरोबर ८०० विद्युत इंजिनांचा आणि मढौऱ्याला जी.ई.बरोबर १००० डिझेल इंजिनांचा करार झाला. दोन्हीकडे कंपनीचा वाटा ७४ टक्के, रेल्वेचा २६. आणि २०१८ साली सरकारने ठरवले की सगळी ब्रॉडगेज विजेवर न्यायची! हजार डिझेल इंजिनांची मागणी मात्र नोंदवून झाली होती. गिऱ्हाईक बांधील, विक्रेता निर्धास्त. १८४९ ची हमी टक्क्यांत होती, ही नगांत आहे, एवढाच फरक.

पण आपल्या दृष्टीने खरे कलम देखभालीचे आहे. मधेपुऱ्याच्या इंजिनांचे देखभाल डेपो सहारनपूर आणि नागपूर येथे. दाहोदला सिमेन्सबरोबर २०२३ साली १२०० इंजिनांचा करार झाला. त्यात ३५ वर्षांची देखभाल कंपनीकडे, आणि डेपोंच्या यादीत पुणे आहे. लातूरच्या कारखान्यात रशियन भागीदारीतून वंदे भारतच्या १२० शयनयान गाड्या व्हायच्या, त्यांचीही देखभाल ३५ वर्षे. आज विशीत लागलेला फिटर निवृत्तीला येईल तोवर! रेल्वेच्या जागेत, रेल्वेच्या इंजिनावर पाना फिरेल, पण तो फिरवणारा कोणाच्या हजेरीपटावर? आणि बिघाड दाखवणारे सॉफ्टवेअर कंपनीकडेच राहिले, तर ३५ वर्षांनंतर ते इंजिन उघडायला आपल्यात कोणाला येणार?

पोस्टातल्या साथींनी हे रेल्वेचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. मुंबईत सुरू झालेली ब्ल्यू डार्ट २००४-०५ मध्ये जर्मन डी.एच.एल.च्या ताब्यात गेली, आणि ही डी.एच.एल. म्हणजे जर्मनीचेच पोस्ट. तिथले पोस्ट आपल्या देशात पार्सलांचा धंदा करते. आपल्याकडे १८९८ च्या कायद्याने पत्रे पोचवण्याचा जो एकाधिकार पोस्टाला होता, तो पोस्ट ऑफिस कायदा २०२३ मध्ये राहिला नाही. हा कायदा जून २०२४ पासून लागू आहे. फायद्याचे शहरी पार्सल कंपनीने उचलायचे आणि मेळघाटातली मनीऑर्डर ग्रामीण डाकसेवकाने सायकलवर न्यायची, ही वाटणी कोणत्या हिशेबात बसते ते सरकारने सांगावे.

म्हणून नागपूर, पुणे आणि लातूरच्या शाखांना माझी सूचना अशी की, माहितीच्या अधिकारात करारातल्या देखभालीच्या भागाची प्रत मागा. कंपनी व्यापारी गुपिताचे कारण पुढे करील. तरी अपिलात जा. तीन गोष्टी शोधा : डेपोत रेल्वेचे किती कर्मचारी शिकवून तयार करायचे आहेत, ड्रॉइंग आणि सॉफ्टवेअर रेल्वेला कधी मिळणार, आणि ठेक्यावरच्या कामगाराला किमान वेतन व प्रॉव्हिडंट फंड न मिळाल्यास जबाबदार कोण. मानकनगरचे साथी तांत्रिक भाषा उलगडून द्यायला तयार आहेत. नागपूरचा अर्ज पुढच्या बैठकीआधी गेला पाहिजे.