खारा वारा आणि नवशिका

खारे वारे आणि मतलई वारे ही जोडी आपण सर्वांनी शाळेच्या भूगोलात पाठ केलेली आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री याच्या उलट घडते व पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा धडा मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. तो अंगावर घेण्याचा योग मात्र चाळिशी उलटल्यावर, पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर, ‘विंगफॉइल’ हा खेळ शिकताना आला.

या खेळात हवा भरून फुगविलेला चार ते सहा चौरस मीटरांचा पंख हाती धरावयाचा आणि फळीवर उभे राहावयाचे. फळीच्या तळाला सुमारे पाऊण मीटरचा दांडा असून त्याच्या टोकाशी लहान पंखांची जोडी असते. तेच हायड्रोफॉइल. वेग आला की ते फळीला पाण्याबाहेर उचलते. पाणी हवेहून सुमारे आठशेपट घन असल्याने इतके लहान पंखही माणसाचा भार पेलतात. ही कल्पना जुनीच. इटालियन अभियंते एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माजोरे सरोवरावर अशी नौका चालविली होती.

पहिला धडा मात्र वाळूवरचा. वाऱ्याचा जोर वाढला की नवशिका मूठ आवळतो आणि पाव तासात त्याचे हात भरून येतात. खरा उपाय म्हणजे मागचा हात सोडणे. मग पंख निशाणासारखा नुसता फडफडतो. पुढे फळीवर गुडघे टेकून जावयाचे, मग उभे राहावयाचे आणि शेवटी तरंगावयाचे. फळी वर उठताच मन मागे रेलण्यास सांगते. मागे रेलले की जलपंख चढत चढत पाण्याबाहेर येतो, आधार सुटतो आणि स्वार पाण्यात पडतो. म्हणून मागे हटावेसे वाटते त्याच क्षणी पुढच्या पायावर भार द्यावयाचा. माझा विशीतला शिक्षक काठावरून ओरडत असे, “सर, नजर वर!” पाचव्या दिवशी दहाबारा हात अंतर मी तरंगत गेलो. फळीखालची लाटांची थपथप एकाएकी थांबली, ती शांतता अजून कानांत आहे.

धोक्याविषयी दोन शब्द. जलपंखाच्या कडा धारदार असतात; पडताना त्यापासून दूर पडावे. शिरस्त्राण व तरणजाकीट टाळू नये. सर्वांत फसवी वेळ पहाटेची. समुद्र आरशासारखा दिसतो, पण वारा मतलई असतो. नवशिक्याला वाऱ्याच्या विरुद्ध परतता येत नाही. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. खारा वारा त्याला काठाला लावतो, मतलई वारा भरसमुद्रात नेतो. तशी वेळ आलीच, तर फळी सोडून पोहत निघू नये. ती तरंगते आणि दुरून दिसतेही. पावसाळ्यात तर या पाण्यात उतरूच नये.

तेव्हा पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी मूठभर कोरडी वाळू हातातून सोडून पाहावी. ती समुद्राकडे उडाली, तर त्या वेळी पंख मिटून ठेवावा आणि दुपारची वाट पाहावी.