जाळ्याच्या नाक्यावरचे नियम

वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचे गाव आहे. नागपूरहून कारंजामार्गे मेहकरकडे जाणारा जुना रस्ता या गावातूनच जातो आणि त्या रस्त्यावर कोणासही मज्जाव नाही. बैलगाडी, ट्रॅक्टर, सायकल, शाळेस निघालेली पोरे, सर्वांचाच तो आहे. याच गावाजवळ समृद्धी महामार्गाचाही नाका आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला, त्यातच हा नाका येतो. तेथे मात्र दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांस प्रवेश नाही. संगणकांच्या जाळ्याचे दार राखणारे नियम याच जातीचे असतात, व आज त्यांविषयी बोलावयाचे आहे.

कार्यालयातील संगणक बाहेरच्या जगाशी जो व्यवहार करतात तो लहान लहान पाकिटांच्या रूपाने होतो. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, आणि त्या संगणकाच्या कोणत्या खिडकीशी काम आहे तो क्रमांकही असतो. या खिडकीस पोर्ट म्हणतात. क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत. सुरक्षित संकेतस्थळांची खिडकी ४४३, तर दुरून यंत्राची व्यवस्था पाहणारांची बहुधा २२. दारावरचा राउटर प्रत्येक पाकीट आपल्या यादीतील नियमांशी वरून खाली ताडून पाहतो, आणि जो नियम प्रथम जुळेल त्याप्रमाणे वागतो. पुढील ओळी तो वाचीतच नाही! 'गावातील कोणासही आत सोडू नये' असे वर लिहून त्याखाली 'सरपंचांस सोडावे' असे लिहिले, तर बिचारे सरपंच बाहेरच उभे राहावयाचे. विशेष नियम वर व सर्वसाधारण नियम खाली, हा क्रम म्हणूनच पाळावा लागतो.

आणि यादी संपेपर्यंत काहीच जुळले नाही तर? तर बहुतेक राउटर पाकीट नाकारतात. ही नकाराची ओळ यादीच्या शेवटी असते, परंतु ती कोणी लिहीत नाही व ती डोळ्यांस दिसतही नाही. तिने माझी एकदा चांगलीच फजिती केली.

शेलूबाजारातील एका कार्यालयाचा राउटर मी अकोल्यास बसून दुरस्त करीत होतो. सोयाबीनच्या पैशांचा दिवस होता. शेतकरी रांगेत उभे. मी नवी यादी प्रथम दारास जोडली आणि मग एकेक ओळ लिहू लागलो. त्या राउटरवर यादी रिकामी असेतो सर्व पाकिटे निर्वेध जात. पहिली ओळ पडताच ती न लिहिलेली शेवटची ओळ जागी झाली, व माझ्यासाठीची ओळ लिहिण्यापूर्वीच मी बाहेर फेकला गेलो. दोनच मिनिटांत तेथील लेखनिकाचा दूरध्वनी आला, "साहेब, दिवा तर हिरवाच आहे, पण काहीच उघडत नाही. लोकं विचारून राहिले."

बस पकडण्यासाठी मी पिशवी उचलली देखील होती. तेवढ्यात आठवले की, केलेला बदल अद्याप कायम करून ठेवलेला नाही. "राउटरची वायर काढा, थोडे थांबा, पुन्हा लावा," एवढेच त्यास सांगितले. यंत्र जुन्या नियमांसह उठले व रांग हलली. तेव्हापासून दुरून काम करताना मी राउटरास आधी सांगून ठेवतो, 'दहा मिनिटांत मी थांबविले नाही तर स्वतःच पुन्हा सुरू हो.' शिवाय यादी पूर्ण लिहून झाल्यावरच दारास जोडतो.

अशा प्रसंगानंतर मनुष्यास मोह होतो तो सर्वच मोकळे सोडण्याचा. 'तूर्त सगळे उघडा, उद्या पाहू' असे सांगणारे भेटतात, आणि तो उद्या बहुधा उगवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवाने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक ग्रासले आणि इंग्लंडातील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. तो ४४५ क्रमांकाच्या खिडकीतून शिरे. फायली वाटून घेण्याची ही कार्यालयाच्या आतली खिडकी. बाहेरच्या जगास ती उघडी ठेवण्याचे कारणच नसते. दोष झाकणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, परंतु बाहेरच्या दारावर ४४५ बंद ठेवला होता, त्यांच्याकडे निदान त्या दाराने तरी तो आला नाही.

समृद्धीवर टोल उतरताना, कापलेल्या अंतरावर घेतात. म्हणजे गाडी कोठे चढली याची नोंद राहते. चांगली फायरवॉलही अशीच नोंद ठेवते. आतून गेलेल्या प्रश्नाचे उत्तर परत आले तर ती ओळखून आत घेते, आणि न विचारता आलेल्यास अडविते. साधी यादी मात्र विसराळू. तिला परतीच्या पाकिटांचा नियमही वेगळा लिहून द्यावा लागतो.

तथापि नाक्यावर गाडीची जात पाहतात, आतील प्रवाशाचे मन पाहत नाहीत. परवानगीच्या ४४३ मधून लबाडही आत येऊ शकतो, आणि त्याचा बंदोबस्त या यादीने होत नाही. त्या कार्यालयाच्या यादीत आज नऊ ओळी आहेत. प्रत्येकीपुढे ती कोणासाठी व कोणत्या तारखेस घातली हे त्याच लेखनिकाने एका वहीत लिहून ठेवले आहे, आणि दहावी, न दिसणारी, तांबड्या शाईने.