कानामागची भिंत



या व्यासपीठावरून मी पूर्वी दोनदा बोलले. दोन्ही वेळा विषय शाळेचा होता. यंदा चिटणिसांनी मला माझ्या दुखण्यावर बोलावयास सांगितले आहे. स्वतःचे दुखणे चारचौघांत मांडू नये अशी आपल्याकडची रीत. पण हे दुखणे सांगितल्यावाचून कोणाला दिसत नाही, आणि सांगितले तरी पटत नाही. म्हणून मी होकार दिला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातली रात्र, वीज गेलेली, पंखा बंद. उजव्या कानात कोणी लोहाराचा भाता चालवावा तसा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. सासूबाईंनी लसूण कढवून तेल घातले. एका दवाखान्यात कानातला मळ काढून झाला. दुसऱ्या एका ठिकाणी झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि वर “बाई, या वयात मनाचे असे खेळ होतात” हे वाक्य. आवाजापेक्षा त्या वाक्यानेच मला अधिक छळले.

उलगडा केला तो माझ्या सुनेने. एके रात्री तिने घड्याळ पुढे ठेवून माझी नाडी धरली. तिने मनगटाचे ठोके मोजायचे, मी डोळे मिटून कानातले. आकडा कोणी उच्चारायचा नाही. मिनिट संपले तेव्हा तिचे 78 भरले होते, माझेही 78. मग तिने मला जिना दोनदा चढावयास लावला; दोघींचे आकडे बरोबरीने वाढले. मनाचे खेळ नाडीशी इतका चोख हिशेब ठेवीत नाहीत.

कानात नाद ऐकू येणे ही तक्रार जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोगांमध्ये कर्णनाद सांगितला आहे. पण रातकिड्यासारखी एकसारखी किरकिर वेगळी आणि नाडीबरोबर चालणारा नाद वेगळा. पहिली बहुधा ऐकण्याच्या यंत्रणेची कुरकुर असते. दुसऱ्यात बहुधा खराखुरा आवाज असतो, तुमच्याच रक्ताचा.

तो कानाला का ऐकू यावा? ज्या हाडात आपला कान कोरलेला आहे त्याला शंखास्थि म्हणतात. शरीरातल्या अत्यंत कठीण हाडांत त्याची गणना होते, आणि त्यातून रक्ताचे मोठे मार्ग जातात. पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणारी रोहिणी. मागून मेंदूतले रक्त खाली आणणारी एक रुंद वाट, जी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते म्हणून तिला सिग्मॉइड सायनस म्हणतात. ही वाट खाली मानेतल्या मोठ्या नीलेला मिळते. तेथे त्या नीलेचा फुगीर माथा असतो, तो मधल्या कानाच्या अगदी तळाशी. कानामागचे हाड आतून मधाच्या पोळ्यासारखे पोकळ, हवेने भरलेले. नीला आणि ही हवा यांच्यामध्ये हाडाचा केवळ एक पातळ पापुद्रा.

आपल्या भागातली कुडाची घरे आठवा. भिंतीला लिंपण असते तोवर शेजारचे जाते ऐकू येत नाही. लिंपण पडले की घरघर आपल्या उशाशी. माझ्या कानामागच्या भिंतीचे असेच एका ठिकाणचे लिंपण नाही. ही उणीव उजवीकडे अधिक आढळते, कारण बहुतेकांत उजवी वाट मोठी असते. आणि बायकांत अधिक आढळते.

भिंतीची अशी उणीव शरीरात इतरत्रही असते. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीचे छप्पर उघडे राहिले, तर माणसाला मोठ्या आवाजाने घेरी येते, काहींना स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज ऐकू येतो! हा विकार अमेरिकेत डॉ. लॉइड मायनर यांनी 1998 साली वर्णिला. त्याच वर्षी आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. पुढे 1000 शंखास्थि तपासल्या, त्यांत 5 ठिकाणी ते छप्पर पूर्ण उघडे निघाले.

मधल्या कानाकडची भिंत उणी असेल तर मात्र धोका निराळा. नीलेचा तो माथा कधी पडद्याआड निळसर दिसतो. तेथे कोणी अजाणतेपणी टोचले तर रक्त आवरणे कठीण. तेव्हा बाजारात बसून सळईने कान साफ करणाऱ्यापुढे डोके देऊ नका.

नाडीबरोबर आवाज येतो म्हणजे हाडच उणे, असेही समजू नका. रक्त कमी झाले तरी ते पातळ होऊन वेगाने वाहते व घुमते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे, बायकांत रक्तक्षय तर घरोघर. म्हणून आधी साधी रक्ततपासणी. डोक्यातला दाब वाढलेला असेल तर नेत्रवैद्याला डोळ्याच्या आत पाहून त्याची खूण मिळते. ही तपासणी चुकवू नये, कारण त्यात दृष्टीचाच प्रश्न असतो. माझ्या मानेच्या उजव्या बाजूला डॉक्टरांनी क्षणभर हलकेच बोट दाबले, आणि आवाज नळ बंद केल्यासारखा थांबला. दोष नीलेकडचा, हे त्यावरून कळले. (हा प्रयोग घरी करू नका, तेथेच मेंदूची रोहिणीही आहे.) मग नागपूरला शंखास्थीचे बारीक कापांचे सी. टी. चित्र निघाले. त्यात ती फट मी स्वतः पाहिली. खरे सांगते, मला रडू आले, ते आनंदाने.

शस्त्रक्रिया आहे. कानामागून जाऊन हाडाचा भुगा, स्नायूवरचे आवरण किंवा हाडाचे सिमेंट यांनी ती भिंत पुन्हा लिंपतात. पुष्कळांचा आवाज जातो. पण लिंपताना नीला दबली तर रक्त गोठू शकते, डोक्यात दाब वाढू शकतो. सर्जन म्हणाले, “जिवाला धोका नाही, प्रश्न तुमच्या झोपेचा आहे. निर्णय तुम्हीच घ्या.” इतक्या आदराने मला कोणी विचारले नव्हते. मी तूर्त नाही म्हटले. माझे यजमान अजूनही म्हणतात की करून टाकायला हवे होते. कदाचित त्यांचे खरे असेल.

तोवर संसार चालू आहे. रात्री पंखा लागतोच, थंडीतही; सून पांघरूण वाढवून देते. उशी उंच घेते. भारनियमनासाठी सेलवरचा रेडिओ उशाशी ठेवते, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावून. नातवंडांना त्याची फार मौज वाटते. सगळ्यांत कठीण वेळ शाळेतल्या मौनाची होती. श्रद्धांजलीची दोन मिनिटे मी ठोके मोजीत उभी राहत असे.

आता प्रश्न विचारायचे असतील तर खुशाल विचारा. फक्त माझ्या डाव्या बाजूला उभे राहून विचारा, उजवीकडे गर्दी आहे.