पाणी कुठे बंद होतं? घरातल्या नळांची तोंडओळख

आज आपण घरातल्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. म्हणजे ते नळापर्यंत कसं येतं, कुठून जातं, आणि मध्येच काही बिघडलं तर प्लंबर येईपर्यंत आपण काय करायचं.

आधी एक प्रश्न. तुमच्या घराचं पाणी कुठे बंद होतं? ऐकता ऐकता बोट दाखवता येईल का? आणि तुम्ही घरी नसाल तर आजींना येईल का, शाळेतून आलेल्या मुलांना येईल का?

हे विचारतोय त्याला कारण आहे. बेसिनखाली एक लवचिक नळी असते, तिला दुकानात कनेक्शन पाइप म्हणतात. ती रात्री अकराला फुटली, तर एरवी बादली भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात एक बादली पाणी फरशीवर येतं. थोड्या वेळात हॉल ओला, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांचं छत. त्या वेळी पान्हा नाही कामाला येत. कॉक कुठे आहे हे माहीत असणं कामाला येतं.

तर बघा, आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. तिथून एक उभा पाइप खाली उतरतो आणि प्रत्येक घरासाठी त्याला फांदी फुटते. त्या फांदीवर घराचा मेन कॉक असतो. कुठे तो बाथरूममध्ये वर असतो, कुठे डक्टमध्ये, कुठे थेट गच्चीवर टाकीजवळ. काही घरांत स्वयंपाकघराचा वेगळा, बाथरूमचा वेगळा. शिवाय बेसिन आणि फ्लश टाकीखाली छोटा अँगल कॉक असतो, तो फक्त तेवढ्यापुरतं पाणी थांबवतो. एखादा कॉक लांब दांडीचा असेल तर सोपं आहे. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. कॉक वर्षानुवर्षं हलवलाच नाही तर क्षार साचून जाम होतो. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करायचा. जाम असेल तर जोर लावू नका, तोच तुटून हातात येईल. ते काम प्लंबरचं.

आता दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. म्हणजे टाकी शॉवरपासून तीनच मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवर मरगळलेला, आणि तळमजल्यावर मात्र जोरात. नवा महागडा शॉवर लावून हे बदलत नाही. पण घरातला एकच नळ मंदावला असेल, तर आधी त्याच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. टाकी धुतल्यावर तिथे हमखास कचरा अडकतो. जुना टूथब्रश मारा, थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवा, परत लावा. काम झालं.

ठिबकणारा नळ. सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरू. वीस थेंबांचा साधारण एक मिलीलिटर होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. जुन्या, बरेच फेरे फिरणाऱ्या नळात बहुतेक वेळा आतला रबरी वायसर झिजलेला असतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, तिथे सिरॅमिकच्या चकत्यांचं स्पिंडल असतं, ते अख्खं बदलतात. दोन्हीकडे रीत एकच. पाणी बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, मोरीच्या तोंडावर फडकं टाका म्हणजे स्क्रू आत जाणार नाही, आणि काढलेला तुकडा घेऊनच दुकानात जा. ‘अर्ध्या इंचाचं द्या’ एवढ्यावर भागत नाही, माप बारीकसारीक वेगळं निघतं.

नळच बदलायचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप लागते. आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटत जाते.

फ्लशची गळती आवाज न करता होते. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाहीये.

आता जाणाऱ्या पाण्याकडे येऊ. बाथरूमच्या जाळीखाली जो वाडगा असतो, त्याला हार्डवेअरच्या दुकानात ‘नाहणी ट्रॅप’ म्हणतात. नाहणी म्हणजे आपली न्हाणी! त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, आणि तेच गटाराचा वास अडवतं. मे महिन्यात महिनाभर गावी राहून आलात आणि घरात दुर्गंधी, झुरळं? ते पाणी आटलेलं असतं. एक तांब्या पाणी ओता, बस्स. सिंकखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपचंही काम तेच. सिंक तुंबलं तर खाली बादली ठेवून ती बाटली हाताने फिरवून काढता येते. आत गाळ आणि तेलकट थर सापडेल.

इथे एक सावधगिरी. ॲसिड आणि ब्लीचिंगचं द्रावण कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आणि काही कामांत हात घालायचाच नाही. भिंतीच्या आतली गळती, इमारतीचा उभा पाइप, आणि गिझर. पाणी तापलं की प्रसरण पावतं, म्हणून गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं स्वाभाविक आहे. ठिबकतंय म्हणून तो बुजवायचा नाही. दाब जायला वाट उरली नाही तर टाकी फुटू शकते. आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हे सगळं शिकायचं ते प्लंबरला टाळायला नाही बरं का. ‘पाणी गळतंय’ ऐवजी ‘बेसिनखालचा अँगल कॉक आट्यांतून गळतोय, मी मेन बंद केलाय’ असं फोनवर सांगितलंत, तर तो योग्य सामान घेऊन येतो. त्याची एक फेरी वाचते, तुमचा एक दिवस.

तर आजचं काम एवढंच. हा भाग संपला की घरातल्या सगळ्यांना घेऊन मेन कॉक शोधा. प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हाताने बंद करून उघडू द्या. कुठला कॉक कशाचा, ते मार्करने शेजारी लिहून ठेवा. हात पोचत नसेल, तर स्टूल कुठे ठेवायचं तेही ठरवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.